हौसाच्या डोळ्याचा साचा

४ फेब्रुवारी १९५७
आज साच्याची कड उडवली मी. पितळी डबी गरम असतानाच उघडायची घाई केली. गोपाळराव काही बोलले नाहीत. प्लॅस्टरचा तुकडा उचलून खिडकीत ठेवला, मला दिसेल असा. बोलले असते तर बरं झालं असतं.

खोटे डोळे करायचं हे काम येतं मला. पण एका जागी बसवत नाही हल्ली. दादा म्हणतो त्या रेझीनच्या औषधाच्या वासानं होतं, सोड ते काम, आमच्या कारखान्यात बाटल्या भरायला बायका घेतायत, पिंपरी काय लांब आहे. वास नाकातून जात नाही हे खरं. पण तेवढ्यानं नाही.

दुपारी कुरुळीहून बापलेक आले. बाप धोंडिबा, शेतकरी. मुलगी हौसा, सतरा-अठराची, पदर डाव्या गालावर ओढून धरलेला. मामाकडे दिघीला असताना माळावर शेरडं घेऊन गेली होती. तिथे लष्कराचा सराव चालतो. बरोबरच्या कुणीतरी पितळ म्हणून काहीतरी उचललं आणि दगडावर आपटलं, ते फुटलं. डोळा काढावाच लागला.

गो.रां.नी खोबणीचा ठसा घेतला. पोरगी हूं की चूं नाही. खुर्चीचा दांडा मात्र घट्ट धरला होता, उठली तेव्हा लाकडावर घामाचा पंजा.

६ फेब्रु.
मेणाचा नमुना हौसाच्या खोबणीत घालून पाहिला. गो.रा. लढाईच्या दिवसांत लष्करी इस्पितळात हे शिकले, हात हलका आहे. तीनदा काढला, खरवडला, परत घातला. पापणी आता दुसऱ्या डोळ्याबरोबर मिटते.

मी आरसा दिला. तिनं बघितलं. मग हळूच मला म्हणाली, "आक्का, पक्का झाल्याव यानं दिसंल न्हवं?"

मला वाटलं, बापानं सांगितलं असेल. बापाला वाटलं, इस्पितळात सांगितलं असेल. कुणीच सांगितलं नव्हतं. गो.रा. हत्यारं पुसत बसले. मीच म्हटलं, नाही गं, दिसणार नाही. नुसता दिसायला.

"दिसायला म्हंजी दुसऱ्याला."

हो.

"मंग ह्यो माझ्यासाठी न्हाईच," म्हणाली. रडली नाही. आरसा परत दिला, पालथा करून.

घरी येऊन भाकऱ्या थापल्या, दोन करपल्या. वहिनी म्हणाली, लक्ष कुठाय.

८ फेब्रु.
हौसाचा साचा तयार. डबीत प्लॅस्टरचे दोन अर्धे, मधे तिच्या डोळ्याएवढी पोकळी. मेण उकळत्या पाण्यानं काढलं. एक पाणी, दुसरं पाणी, मग साबणाचं, मग परत साधं. ओशटपणा राहिला की वरून लावायचं औषध धरत नाही, रेझीन प्लॅस्टरला चिकटतं आणि साचा गेला. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून कडेकडेनं फिरवला. लोखंड लावायचं नाही, नख लागू द्यायचं नाही. वाळवायचा सावलीत.

या एकाच साच्यात दोनदा भरायचं असतं. आधी पांढरं. मग बुबुळ आणि शिरा रंगवून झाल्या की वरून काचेसारखा थर. मधले दिवस साचा जपायचा.

पोकळीत बोट घालून पाहिलं, वाळूचा कण राहिलाय का. एक कण राहिला तर डोळ्यावर टोक येतं आणि आत टोचत राहतं. काही नव्हतं. गुळगुळीत. लहान पोराच्या टाळूसारखं.

आज मात्र घाई केली नाही.

९ फेब्रु.
धोंडिबा एकटाच आला, कांद्याची जुडी घेऊन. पोरीचं लग्न ताथवड्याला ठरलंय. मुलगा मारुती, लष्कराच्या डेपोत कामाला. बघायला आले तेव्हा म्हणे हौसाला ताप होता, डोळे आले होते, पट्टी बांधली होती. असं सांगितलं. लग्न वैशाखात.

"डाक्टर, डोळा असा करा, की सासूलाबी कळू ने."

गो.रा. म्हणाले, करू.

मी आतून ऐकत होते. ठसे घ्यायच्या वाट्या धूत होते. एकच वाटी किती वेळ धुतली कोण जाणे.

१० फेब्रु., रविवार
निवडणुकीच्या गाड्या सकाळपासून, कर्ण्यानं डोकं उठलं. दादा सभेला गेला.

मला ते सगळं परत आठवायला लागलं आहे. माझ्या लग्नानंतर चौथ्या दिवशी वाईच्या घरात ओटीवर ते पडले, तोंडाला फेस. मी पाणी आणायला धावले तर सासूबाई म्हणाल्या, होतं त्याला असं, ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याखेरीज.

मला राग फिटचा कधीच आला नाही. पुढे एकदा ते स्वतःच म्हणाले होते, "मला सांगायचं होतं तुला. कुणी सांगू दिलं नाही." लग्नाआधी महिनाभर त्यांना झोप नव्हती म्हणाले. भीती. मांडवातच आली तर. अंतरपाटामागे उभं राहून ते तेवढंच मोजत होते, अजून नाही आली, अजून नाही आली.

एक दिवस ते कालव्यावर गेले आणि फिट येऊन पाण्यात पडले, परत आलेच नाहीत. तेव्हा बरोबर कुणी नव्हतं, कारण कुणी बरोबर असलं तर लोक विचारतील का असतं.

पुरे.

१२ फेब्रु.
हौसा आली. चांगला डोळा बघून बुबुळ रंगवायचं. गो.रा. रंग लावतात, मी शेजारी बसून सांगते, पिवळट जास्त, तांबूस कमी. तिचा डोळा मधाच्या रंगाचा आहे, कडेला काळी रेघ. इतका वेळ कुणाच्या डोळ्यात मी कधी बघितलं नसेल. तिलाही हसू यायला लागलं.

शिरांसाठी लाल रेशमाचा तंतू सोडवून लावतात. ते काम माझं. हौसा म्हणाली, "लुगड्याचा हाय का ह्यो?" म्हटलं, रिळाचा. "लगनातलं लुगडं पन लालच घेनार हायेत."

विचारलं, मुलगा पाहिलास का. म्हणाली, "एका डोळ्यानं. त्योबी खाली." पाय पाहिले म्हणे त्याचे. वहाण नवी होती.

१४ फेब्रु.
दुसऱ्यांदा भरला. भरायच्या आधी साचा परत धुऊन घेतला, पहिल्या खेपेची पातळ साल एका कडेला राहिली होती, ती भिजवून सोडवली. शिकंज्यात आवळून मंद आचेवरच्या पाण्यात ठेवलं. थंड होईपर्यंत उघडला नाही. गो.रां.नी खिडकीतला तो तुकडा फेकून दिला आज.

डोळा सुरेख झालाय. इतका की हातावर ठेवला तर आपल्याकडे बघतो.

१६ फेब्रु.
डोळा बसवला. बाप बघतच राहिला, मग गो.रां.च्या पाया पडायला लागला. हौसा आरशात एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. गो.रां.नी सांगितलं, रोज काढून कोमट पाण्यानं धुवायचा, हात स्वच्छ हवेत.

मग धोंडिबा म्हणाला, "आता त्यो साचा फोडून टाका."

गो.रा. म्हणाले, ठेवतो आम्ही. वर्षा-दोन वर्षांनी खोबण बदलते, डोळा ढिला होतो, जुन्यावरून नवा करायला सोपं.

"नगं. उद्या कुनी इथं आलं, नाव वाचलं, तर? फोडा. आन बाई, तुमीबी शबुद द्या, कुनाला बोलनार न्हाई."

गो.रां.नी शब्द दिला. मी दिला नाही, वाट्या पुसत राहिले. धोंडिबा माझ्याकडे बघत राहिला. वाईट माणूस नाही. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आहे.

हौसा पायरीवर थांबून म्हणाली, "फोडतानी आवाज हुतो का?"

१८ फेब्रु.
फोडला नाही अजून. गो.रा. सकाळी म्हणाले, इंदूताई, ते कुरुळीचं राहिलंय. म्हटलं, करते. नावाची चिठ्ठी काढून टाकली आणि दोन्ही अर्धे कोरडे करून, मधे कापूस घालून, मागच्या फळीवर ठेवले.

हट्ट कशासाठी, ते मलाच नीट सांगता येणार नाही. तो डोळा झिजणार. ती पोर तेव्हा काय करणार. एवढंच डोक्यात.

२३ फेब्रु.
गो.रां.ना सापडला. चिडले, पण आवाज चढवला नाही. "आपलं काम डोळा करायचं. गावात दवंडी पिटायचं नाही."

म्हटलं, मी कुठे पिटतेय. साचा ठेवलाय फक्त.

"मी शब्द दिलाय त्या माणसाला."

म्हटलं, तुम्ही बापाला दिलात. हौसाला विचारलं का कुणी, फोडू का म्हणून.

त्यांनी साचा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "लढाईत मी डोळे केले, लोक परत पलटणीत जायचे, कुणी लपवत नव्हतं."  साचा फळीवरच आहे.

३ मार्च
रविवार. कुठेच करमत नाही. नदीवर जाऊन आले, देवळात टेकले, उठले. वहिनीला वाटतं मला कुणीतरी काहीतरी बोललं. कुणी काही बोललेलं नाही. तेच तर.

१२ मार्च
हौसा आली, बाजाराचं निमित्त करून, चुलतीबरोबर. चुलती बाहेर बांगड्यांपाशी. बापाला माहीत नाही. डोळा लाल, सुजलेला, घाण येत होती. विचारलं, धुतेस का. मान खाली.

"घरात पावनं. रातीला आत्याबाय शेजारी निजत्यात. काढू कवा? आय म्हनती, काढूच नगं, सवय कर. सासरी गेल्याव तर कवाच काढायचा न्हाई."

गो.रां.नी डोळा काढून घेतला, मी धुतला, त्यांनी परत पॉलिश केला. औषधाचे थेंब दिले. दोन दिवस घालू नको म्हणाले. "दोन दिस तोंड कुठं ठिवू," म्हणाली.

जाताना मी फळीवरचा साचा काढून दाखवला. फोडला नाही म्हटलं. तिनं हातात घेतला. पोकळीवरून अंगठा फिरवला. "ह्यो माझा आतला आकार हाय व्हय," म्हणाली. मग, "ठिवा. पन म्या परत यायचं म्हनलं तर काय सांगून येऊ? ताथवड्यास्नं?"

मी साचा परत कापसात गुंडाळून फळीवर ठेवला. 

१६ मार्च
धुळवड. दुकान बंद. हौसाच्या डोळ्याची सूज उतरली असेल का.

२२ मार्च
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

गो.रा. पुण्याला गेले होते. मी एकटी, डब्यांना तेल लावत होते. एक तरुण माणूस आला, सायकल बाहेर लावली. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, इस्त्रीचा. आत येईना. दारात उभा राहून म्हणाला, "इथं डोळे करत्यात ते हेच का?"

हो म्हटलं, साहेब नाहीत.

बसला तरी टोपी हातातच. इकडंतिकडं बघितलं. नमुन्याच्या पेटीतले डोळे बघितले आणि नजर काढून घेतली. मग म्हणाला, "घातल्याव वळखू येतो का?"

मी म्हटलं, चांगला केला तर लवकर नाही येत.

"दुखतो का?"

कुणाला, म्हणून विचारलं.

"कुनालाबी. ज्यानं घातला त्याला."

म्हटलं, काळजी घेतली तर नाही. काढून धुवावा लागतो रोज. ते करता आलं नाही तर दुखतो.

तो बराच वेळ टोपीची घडी मोडत राहिला. मग म्हणाला, डेपोत एकजण आहे कुरुळीकडचा, तो काहीतरी बोलला. "मी ताथवड्याचा. माझं लगीन ठरलंय. बाई, तुमाला ठावं असंल."

माझे हात तेलकट. तेच पुसत राहिले. हो म्हणाले असते तर तिच्या बापाचं तोंड डोळ्यासमोर. नाही म्हणाले असते तर वाईची ओटी. मी म्हटलं, "इथं कोण येतं ते मी सांगत नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर जिच्याशी लग्न करताय तिलाच विचारा. बापाला नको, तिला."

"ती सांगंल?"

म्हटलं, विचारून बघा.

उठला. चेहऱ्यावरून काही कळेना, राग की काय. पायात नवी वहाण नव्हती, झिजलेली होती. सायकलवर बसला तरी लगेच निघाला नाही.

मी शब्द मोडला का. मी तर दिलाच नव्हता. पण सांगितल्यासारखंच झालं की.

२३ मार्च
गो.रां.ना सांगितलं सगळं. दिवसभर डब्यांना हात लावू दिला नाही मला, स्वतःच धुतल्या. त्यांना धुता येत नाही तितकं, कडेला मेण राहतं. मी बघत बसले. शिक्षाच.

२६ मार्च
कुरुळीला जायचं की नाही. गेले तर धोंडिबा अंगावर येईल. नाही गेले तर तो पोरगा एक दिवस तिच्यासमोर उभा राहील आणि तिला काहीच माहीत नसेल. रात्रंदिवस हेच. वहिनीनं विचारलं तर तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही लग्न केलं असतं का?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. पण त्यांना तरी झोप लागली असती.

३१ मार्च
गेले. नाशिक फाट्यावरून एस.टी. धूळ. कुरुळीत उतरून विचारत गेले, औषधाचे थेंब द्यायला आले म्हणून. धोंडिबा चाकणला गेला होता, नशीब. हौसा शेतात, बायकांबरोबर कांद्याची पात कापत बसलेली. मला बघून विळा थांबला.

बांधावर बसलो. दोन्ही डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "कांद्याचं हाय. ह्या बाजूनंबी येतंय बघा. डोळा न्हाई तरी पानी हाय."

सांगितलं, तो आला होता.

मला वाटलं घाबरेल. तिनं विचारलं, "कसा हाय दिसायला?"

म्हटलं, सावळा, उंच, टोपी हातात धरतो, घाबरलेला.

"त्यो का घाबरला?" आणि हसली थोडी. "काय म्हनला?"

मी सगळं सांगितलं. दुखतो का, असं विचारलं म्हणून सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला. पात तोडत राहिली बोटांनी, कापायची नव्हती तीही. कुणीतरी हाक मारली तरी उठली नाही.

मग म्हणाली, "दुखतो का, असं घरात कुनी इचारलं न्हाई आजून."

थोड्या वेळानं, "बस्त्याला पुन्याला जायचं हाय समद्यास्नी. त्याच्या भनीनं हट्ट धरलाय, नवरीबी पायजे. चिंचवड ठेसनावरनं जानार, तुमच्या दुकानाम्होरनंच. त्योबी आसंल. म्या सांगते."

म्हटलं, बाप?

"बा मारंल. मारू दे." मग पुन्हा, "न्हाईतर न्हाई सांगायची. ठावं न्हाई मला. तुमी जावा आता, आय बघती हाय."

५ एप्रिल
गो.रा. म्हणाले, जाऊन आलीस ना. कसं कळलं कोण जाणे, चेहऱ्यावरून. हो म्हटलं. "धोंडिबा आला तर मी काय सांगू?" म्हटलं, माझं नाव सांगा, मी गेले होते. त्यांनी डब्या माझ्यापुढे सरकवल्या. "धू. माझ्या हातानं दोन साचे वाया गेले." पुढच्या महिन्यात ठेवतील की नाही ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

९ एप्रिल
बस्ता आज.

सकाळीच कळलं, कारण बैलगाड्या आमच्या दुकानासमोरच येऊन थांबल्या. स्टेशन समोर. धोंडिबा माझ्याकडे न बघता गेला, फेटा नवा. बायका, पोरं, पिशव्या. हौसा मधे, डोक्यावर पदर, गाल उघडा. डोळा घातलेला. छान दिसत होती, खरंच. ताथवड्याची माणसं नंतर आली, चालत. तो शेवटी.

गाडीला उशीर होता. मी दारात उभी. गो.रा. आतून म्हणाले, आत ये. गेले नाही. मग तेच येऊन शेजारी उभे राहिले.

बायका बाकाशी बसल्या, गडीमाणसं पानं खात एकीकडे. त्याची बहीण हौसाला घेऊन कडुलिंबाखाली गेली, मग बहीण कुणाच्या तरी हाकेनं परत फिरली. तो तिथंच होता. दोघं झाडाच्या दोन बाजूंना. इथून दोघं दिसत होती. मग हौसाचे ओठ हलले. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, रुळांकडे बघून बोलली. हात डाव्या गालाशी गेला आणि खाली आला.

तो ऐकत होता. मान हलली की नाही, सांगता येत नाही, ऊन डोळ्यावर होतं. तिचं बोलून झालं. तो तसाच उभा. मग टोपी काढली, परत घातली, आणि वळून चालायला लागला. त्या बाजूला पाण्याचा नळ आहे. बाहेर जायचा रस्ताही त्याच बाजूला.

गो.रा. म्हणाले, "नळावर गेला असेल."

तेवढ्यात गाडी आली आणि मधे उभी राहिली. आरडाओरडा, पिशव्या, धोंडिबाची हाक. मी रस्ता ओलांडून धावले, पायात चप्पल नव्हती. पोचेपर्यंत गाडी हलली. फलाटावर कुणी नव्हतं. हौसाही नाही, तोही नाही.

म्हणजे दोघं गाडीत बसले असतील. किंवा ती एकटी.

आता संध्याकाळ होत आली. परतीची गाडी यायची आहे, कोण कोण उतरतं ते बघायचं. गो.रा. दुकान बंद कर म्हणाले नाहीत, मीही केलेलं नाही.